नकाशातली पांढरी जागा

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "अगं पण तू बोलली का नाहीस?" असं विचारायला नको. मी पालीला भिते, सरांना भिते, टेलिफोनच्या घंटीला भिते. बाबूजींची मोटारसायकल गल्लीत वळली की आपल्या हातात काहीतरी काम आहे ना, हे आधी बघते. नातेवाइकांत याला 'हिरालालची पोरगी लय गुणाची' म्हणतात. गुणाची कसली, घाबरट! पण घाबरट पोरीचं कोणी वाईट म्हणत नाही, म्हणून माझं आजवर चालून गेलं.

जिजाबाईबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं ते याच भित्रेपणापायी. आज लिहिते आहे, तर जमेल तेवढं खरं लिहिते.

आम्ही पिपरी मेघेला राहायला आलो ते शहाण्णव साली. बाबूजींचं वर्ध्यात प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान, आणि गावात घर पुरेना म्हणून त्यांनी दोन वर्षं आधी सहजीवन लेआउटमध्ये प्लॉट घेतला होता. तेव्हा तिथे तुरीचं शेत नुकतंच मोडलेलं. चुन्याच्या रेघा आखलेल्या, मधून मधून दगड रोवलेले, आणि माणूस म्हणाल तर दोनच: जिजाबाई आणि तिचा नवरा नत्थू. कारंज्याकडच्या जंगलातल्या एका गोंड वस्तीतून चौऱ्याण्णवला कामाला आलेले. आपसात बोलायचे ते गोंडीत, आमच्याशी वऱ्हाडीत.

आमच्याकडे बांधकामाची एक रीत आहे. ज्याचं घर चाललंय त्याच्या प्लॉटवर एका जोडप्याला झोपडी टाकून देतात. नवऱ्याने मिस्त्रीच्या हाताखाली राबायचं, बायकोने सिमेंट-लोखंड सांभाळायचं आणि सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायचं. त्याला तराई म्हणतात. तराई नीट झाली नाही तर भिंत वर्षभरात तडकते. घर झालं की घरवाले आत, आणि झोपडी शेजारच्या प्लॉटवर. अशी जिजाबाईची झोपडी सहा वर्षं या प्लॉटवरून त्या प्लॉटवर फिरली. म्हणजे आमच्या लेआउटमधल्या जवळपास प्रत्येक घराच्या जागेवर घरवाल्यांच्या आधी जिजाबाई राहून गेलेली होती. आमच्याही. जिथे आज आईचं देवघर आहे तिथे तिची चूल होती, असं तिनेच मला सांगितलं. आईला मी हे सांगितलं नाही. उगाच कशाला!

दोन हजार साली शेवटचं घर झालं आणि प्लॉट संपले. मग नत्थूने झोपडी लेआउटच्या ओपन स्पेसच्या कोपऱ्यात नेली. ओपन स्पेस म्हणजे लेआउट पाडताना सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली मोकळी जागा. तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. घेतील कशाला? नळ बिघडला, हाक मार जिजाबाईला. लग्न आहे, भांडी घासायला जिजाबाई. कोणी गावाला चाललं की किल्ली जिजाबाईकडे. तिची पोरगी रीना गावाकडच्या आश्रमशाळेत होती. रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं. इथे तिचं म्हणायला ती चार पत्रे आणि बांबूची झोपडी, आणि एक लाकडी दार, कोणाच्या तरी घरून निघालेलं, जड, जुनं सागवानी. सहा फुटांची झोपडी आणि त्याला वाड्याला शोभेल असं दार! आम्ही पोरं हसायचो.

मी नागपूरला आर्किटेक्चरला होते. दोन हजार आठ साल, चौथं वर्ष, आणि त्या वर्षी अर्बन डिझाइन हा विषय. शहर कसं बसतं, रस्ते कसे वापरात येतात, माणसं कुठे उभी राहतात आणि का, असला विषय. पहिल्याच तासाला सरांनी बॉम्ब टाकला. परीक्षेचे निम्मे गुण ब्लॉगला. प्रत्येकाने एक कोपरा निवडायचा, आठ आठवडे, दर आठवड्याला तिथे जाऊन बसायचं, बघायचं, मोजायचं आणि सोमवारपर्यंत ब्लॉगवर लिहायचं. भाषा कोणतीही चालेल, पण ऐकीव एक शब्द नको.

"सर, ते कोण वाचणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"कोणीही," सर म्हणाले.

पोरं हसली. मी नाही हसले. वहीतलं सर वाचतात आणि लाल रेघ मारतात, ते एक वेळ ठीक. पण कोणीही? कोणीही म्हणजे कोण? मला रात्रंदिवस वाटायचं की कोणीतरी अनोळखी माणूस खुर्ची ओढून माझं लिहिलेलं वाचत बसलाय. ब्लॉगच्या तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसायचा. तो सात झाला तेव्हा मी चार वेळा स्वतःचंच लिखाण वाचून बघितलं, कुठे काही चुकीचं तर नाही ना, तर आकडा अकरावर गेला. मग कळलं की त्या चार वेळा मीच मोजली गेले. हसा आता!

मी कोपरा निवडला तो आमच्याच ओपन स्पेसचा. दर शनिवारी पॅसेंजरने घरी येतच होते, आणि अनोळखी जागी एकटीने बसायची हिंमत कोणात होती? पहिल्या शनिवारी मी वही, टेप आणि चुलतभाऊ नीलेशचा कॅमेरा घेऊन तिथे गेले आणि एक तास नुसती उभी राहिले. लिहायला काही सुचेना. मोकळी जागा आहे, धूळ आहे, एक बकरी आहे. संपलं.

जिजाबाई दाराशी तूर पाखडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काऊन व आचल, कोनाची वाट पाहून राह्यली?"

"कोणाची नाही. अभ्यास आहे. ही जागा बघायची आहे."

"मंग बस ना इथं. उभ्यानं काय दिसते?"

मी बसले. आणि त्या दिवसापासून माझा अर्बन डिझाइनचा मास्तर बदलला, हे मी सरांना कधी सांगितलं नाही. जिजाबाईला सगळं ठाऊक. हिवाळ्यात बाया दुपारी चारला कुठे बसतात आणि उन्हाळ्यात कुठे सरकतात. पोरं शाळेतून येताना सरळ रस्ता सोडून तिरपी का जातात. (तिकडून गेलं की प्रेमदासजींचा कुत्रा लागत नाही.) लेआउट पाडताना एक लहानसा नाला माती टाकून बुजवला होता, त्याचं पाणी अजून जमिनीखालून कुठे जातं आणि म्हणून कोणाच्या भिंतीला ओल येते, हेही तिला ठाऊक. तिने प्रत्येक घराचा पाया उघडा पाहिलेला होता. "थ्या पाटीलबाईच्या भितीले पोपडे येतेत ना? येतीनच. तिच्या हॉलखालून नाला जाते. मी सांगतलं होतं मिस्त्रीले, आयकते कोन?"

मी ते सगळं लिहायची. नीलेशचं सायबर कॅफे मेन रोडला होतं. तिथे कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसून, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. फोटो तिथूनच चढवायचे. तिसरा लेख सरांनी वर्गात वाचून दाखवला. नाल्याचा लेख. "हे निरीक्षण बघा," म्हणाले. मी मान खाली घालून बसले. निरीक्षण कोणाचं आणि शाबासकी कोणाला!

चौथ्या लेखात मी तिच्या दाराचा फोटो टाकला. दारावर गेरूने एक आकडा लिहिलेला होता, दोन हजार एकच्या जनगणनेचा. त्याखाली पोलिओचा डोस पाजायला येणाऱ्या बायांनी खडूने केलेल्या खुणा, वर्षावर्षाच्या, एकाखाली एक. मला ते फार आवडलं होतं. मी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर जिजाबाईला फोटो दाखवला आणि ऐटीत म्हटलं, "हा आता कम्प्युटरवर जाणार. जगात कुठेही दिसेल."

"कारंज्यातबी?"

"कारंज्यातबी."

"मंग रीनाले सांगा लागन," ती म्हणाली, आणि पदराने दार पुसायला लागली. मी म्हटलं, अहो खुणा जातील, राहू द्या.

आता नकाशाचं सांगते. हेच सांगायचं टाळत होते.

सहाव्या आठवड्याला सरांनी काळा-पांढरा नकाशा मागितला. ट्रेसिंग पेपरवर जागेचा नकाशा काढायचा आणि बांधकाम तेवढं शाईने काळं भरायचं. बाकी सगळं, रस्ते, अंगणं, मोकळी जागा, पांढरं सोडायचं. एका नजरेत कळतं की घट्ट काय आणि मोकळं काय. मी दोन शनिवार टेप धरून मोजलं. टेपचं दुसरं टोक जिजाबाईने धरलं. सगळी घरं काळी भरली. शेवटी ओपन स्पेसच्या कोपऱ्यात तिच्या झोपडीचा चौकोनही काळा भरला, तांदळाच्या दाण्याएवढा.

होस्टेलवर एका सीनियरने तो बघितला आणि म्हणाली, "अगं येडी आहेस का? कच्चं बांधकाम दाखवतात का यात? सर सगळ्यांसमोर फाडतील."

सरांना विचारता आलं असतं. त्यांची खोली वर्गापासून वीस पावलांवर होती. पण सरांच्या दाराशी जायचं कोणी? तर मी काय केलं, ट्रेसिंगवरची शाई काढतात तसं अर्ध्या ब्लेडने तो दाणा खरवडला. हळूहळू, कागद फाटू न देता. खोडरबराने साफ केलं. कोपरा छान पांढरा झाला. मग तो स्कॅन करून ब्लॉगवर टाकला आणि खाली लिहिलं: 'सहजीवन लेआउट, सद्यस्थिती, प्रत्यक्ष मोजणीनुसार.' असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

त्या शनिवारी कॅफेत नीलेशने तो नकाशा बाबूजींना दाखवला. बाबूजींना माझ्या शिक्षणातलं काही कळायचं नाही. पोरगी नागपुरात काय करते, हे त्यांना लोकांना सांगता यायचं नाही. आणि आता हा नकाशा! प्रत्येकाचं घर त्यात. "ये तो अपना घर है," म्हणून बोट ठेवून त्यांनी तीन जणांना दाखवलं. नीलेशकडून मोठा प्रिंट काढला, लॅमिनेशन केलं, आणि लेआउटच्या समितीच्या बैठकीत नेला. बाबूजी समितीचे अध्यक्ष. मी जेवताना त्यांच्या तोंडून माझं कौतुक ऐकत होते आणि मला खरंच बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मला भीती वाटली नाही. तो एक आठवडा.

पुढच्या आठवड्यात ब्लॉगवर एक निनावी प्रतिक्रिया आली. 'मॅडम, ओपन स्पेसवर सध्या कोणतेही बांधकाम नाही, हे नक्की ना? कृपया कळवावे.'

बस, एवढंच. मी खुर्चीतून उठून नीलेशच्या टेबलाशी गेले, परत आले, पुन्हा वाचलं. कोण आहे हा? मला का विचारतोय? घरी आले तर समितीचे सचिव प्रेमदासजी सोफ्यावर बसलेले आणि समोर लॅमिनेशन केलेला माझा नकाशा.

"आचलबेटा, आपलं काम झालं बघ," ते म्हणाले. "ओपन स्पेसवर समाजभवन मंजूर होऊन राह्यलं. सरकारी ऑफिसवाले जागा मोकळी असल्याचा पुरावा मागत होते. आपण हा जोडला. इंजिनियरनं काढलेला म्हटल्यावर सायेब एकदम खूश."

"पण काका, तिथे जिजाबाई..."

"अगं ते काय बांधकाम आहे का? तूच नाही दाखवलं."

बाबूजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, सहज. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईजवळ उभी राहून कोथिंबीर निवडायला लागले.

मग नोटीस आली. जिजाबाईने ती माझ्याकडूनच वाचून घेतली. ओपन स्पेसवर नव्याने टाकलेली झोपडी काढावी, अमुक तारखेला साहेब पाहणीला येतील. 'नव्याने'! समितीने अर्जात लिहिलं होतं की ही झोपडी महिन्याभरात, भवनाची बातमी कळल्यावर कोणीतरी टाकली.

"नवी कशी बाप्पा?" जिजाबाई म्हणाली. "आठ वर्सं झाले. समद्यायले मालूम हाय."

समद्यायले मालूम होतं, पण कोणी बोलेना. कॉलनीतल्या पोरींची लग्नं त्या भवनात व्हायची होती. नत्थूला कोणीतरी सांगितलं होतं की झोपडी जुनी असल्याचा पुरावा दिला तर दुसरीकडे जागा द्यावी लागते, तसा कायदाच आहे. नवी असेल तर काहीच नाही. उचला आणि चालते व्हा.

मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण माझ्या डोक्यात जिजाबाई नव्हतीच त्या वेळी, हे खरं सांगते. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं: खोटा नकाशा माझ्या नावाने जगासमोर आहे. प्रत्यक्ष मोजणीनुसार, असं मी लिहिलंय. उद्या कोणी विचारलं तर? कॉलेजला कळलं तर? बाबूजींना कोणी खोटं ठरवलं तर? जेवण जाईना. शनिवारी भर दुपारी मी नीलेशच्या कॅफेत गेले, कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसले आणि नकाशा काढून टाकायला निघाले. पण तो लेखांत तीन ठिकाणी होता, आणि ती निनावी प्रतिक्रियाही होती, आणि माझं नाव जिथे तिथे. मग मी अख्खा ब्लॉगच उडवला. कम्प्युटरने विचारलं, नक्की? मी दाबलं. आठ आठवड्यांचं लिखाण पापणी लवायच्या आत गेलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! येताना मी उसाचा रस प्यायले.

ज्याचा धाक होता तो नकाशा मात्र लॅमिनेशन करून साहेबाच्या फायलीत बसलेला होता. गेला तो दाराचा फोटो. हे मला रस पिऊन झाल्यावर, गल्लीत वळताना सुचलं. मी तिथेच विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. नीलेशच्या कॅमेऱ्यातलं कार्ड तर कधीच पुसून झालं होतं. त्याने त्यात कोणाचं तरी लग्न भरलं होतं.

पण अजून दार होतं ना. खरं दार, गेरूचा आकडा, पोलिओच्या खुणा. मी धीर धरला. साहेब येईल, दार बघेल, आपल्याला तोंड उघडायची गरजच पडणार नाही.

पाहणी एप्रिलमध्ये होती. सकाळचे दहा. मी बाबूजींच्या मागे उभी होते. समितीचे पाच-सहा जण, प्रेमदासजींच्या हातात नकाशा. आम्ही कोपऱ्यात पोचलो. झोपडी कशी लखलखत होती! भोवती सडा, रांगोळी, भिंतींना चुना. आणि दाराला ताजा निळा ऑइलपेंट. साहेब घरी येणार म्हणून जिजाबाईने आदल्या दिवशी सगळं स्वच्छ केलं होतं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण काय करतो? तेच तिने केलं.

साहेबाने दाराला बोट लावून बघितलं. बोटाला रंग लागला. "हे तर कालचं काम दिसतंय," तो म्हणाला.

"रंग कालचा हाय सायेब, दार जुनं हाय," जिजाबाई म्हणाली. "त्याच्याखाली नंबर हाय, गनतीचा. मीच रंग मारला वरतून. मले काय माहीत?" नत्थूने नखाने रंग खरवडून बघितला. रंगाबरोबर गेरूही निघून आला.

"काही कागद? रेशनकार्ड?"

"थे गावचं हाय." मग एकदम तिचा चेहरा उजळला. मला तो चेहरा आजही बघवत नाही. "सायेब, फोटू हाय! ह्या आचलच्या कम्पुटरात. दाराचा, नंबरासकट. संक्रांतीच्या टायमाले काडला तिनं. जगात कुठंबी दिसते."

सगळे माझ्याकडे वळले. साहेबही. बाबूजींनी मान वळवली नाही, नुसते जरा खाकरले.

"आहे का फोटो?" साहेबाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. नव्हता.

"काढला होता का कधी?"

इथे मी हो म्हणायला हवं होतं. हो, काढला होता, मीच उडवला, आणि नकाशाही चुकीचा आहे, मीच चुकवलाय. एवढंच. मी बाबूजींच्या पाठीकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

जिजाबाईने माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल, टाहो फोडेल, माझ्या झिंज्या धरेल असं मला वाटलं. तिने तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती साहेबाकडे वळून म्हणाली, "जाऊ द्या सायेब, पोट्टी लय भित्री हाय. तिले नोका इचारू."

चौथ्या दिवशी झोपडी निघाली. पोलीस, बुलडोझर काही आलं नाही. नत्थूने आणि तिने स्वतःच पत्रे उतरवले, बांबू सुतळीने बांधले, निळं दार हातगाडीवर आडवं ठेवलं. मी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीमागून बघत होते. आई खालून हाक मारत होती आणि मी ओ देत नव्हते. जाताना जिजाबाईने कोपरा झाडून काढला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा. ब्लॉग उडालाय हे सरांना सांगायची माझी छाती नव्हती. कम्प्युटर बिघडला, व्हायरस आला, अशी दोन-तीन खोटी कारणं पाठ करून गेले. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी बसलेले, आणि सरांनी कपाटातून स्पायरल बाइंडिंग केलेली एक जाड फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. वर माझं नाव.

"मला त्या पडद्यावर वाचून डोळे दुखतात," सर परीक्षकांना सांगत होते. "म्हणून मी दर सोमवारी ऑफिसातून सगळ्यांचे प्रिंट काढून ठेवतो. तारखेसकट."

सगळे लेख होते. तूर पाखडतानाचा, नाल्याचा, बायांच्या उन्हाचा. चौथ्या लेखात दार होतं, पान भरून, गेरूचा आकडा वाचता येईल असं. वर तारीख जानेवारीची. ती फाइल तिथे, माझ्या वर्गापासून वीस पावलांवर, सगळा वेळ कपाटात होती. पाहणीच्या आधी एखाद्या सोमवारी मी सरांच्या दाराशी जाऊन नुसतं "सर, चूक झाली" म्हटलं असतं तरी पुरे होतं. परीक्षकांनी काय विचारलं ते मला आठवत नाही. गुण चांगले मिळाले, वर्गात पहिले.

फाइल सरांनी निकालानंतर परत दिली. ती घेऊन मी जिजाबाईला शोधत निघाले. ती सेवाग्राम रोडच्या बाजूला एका नव्या लेआउटमध्ये होती. पुन्हा कोणाच्या तरी प्लॉटवर, कोणाचं तरी सिमेंट सांभाळत. निळं दार लावलेलं होतं. मला बघून तिने पाण्याची नळी खाली ठेवली. "अव माय, आचल! येवढ्या उनाचं?"

मी चौथा लेख उघडून तिच्या हातात दिला. तिने हात पुसले आणि ते पान दोन्ही हातांनी धरलं. "हाय ना मंग," ती म्हणाली. "मी म्हनत होती ना, हाय म्हनून. पाह्य, नंबर." ती नत्थूला दाखवायला म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. तो कामावर गेला होता. आता या पानाचा काही उपयोग नाही, कोपऱ्यात भवनाचे खड्डे खोदून झालेत, हे मी तिला सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. खड्डे नत्थूनेच खोदले होते. माफी मागायचं मी घरून ठरवून आले होते. "माझं चुकलं, मी खोटं बोलले त्या दिवशी," एवढं मी कसंबसं म्हटलं. ती म्हणाली, "थे तं मले मालूमच हाय. बस, पानी पी."

मग ती सावकाश एक एक पान उलटत गेली. अक्षरं वाचता येत नव्हती, चित्रं बघत होती. नकाशाच्या पानावर थांबली. "हे काय व? काये-काये डाग?"

"घरं आहेत. आपल्या लेआउटची."

"असं?" तिला मजा वाटली. तिने बोटाने घरं ओळखायला सुरुवात केली, आणि एकही चुकली नाही. हे पाटीलबाईचं. हे प्रेमदासचं. हे तुहं. तिथली प्रत्येक भिंत तिने भिजवलेली होती. बोट फिरत फिरत ओपन स्पेसपाशी आलं आणि कोपऱ्यात जाऊन घुटमळलं.

"आन आमचं कुठं हाय?"

"तिथेच," मी म्हटलं. "तुमचं बोट आहे तिथे."

तिने बोट उचललं. खाली कोरा कागद. तिने पान उन्हात तिरपं धरून बघितलं.

"हाच नकाशा सायेबाच्या हाती होता ना? कोन काडला हा?"

"मी."

तिने पान सरळ केलं. नळीतून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, आवाज न चढवता, जसं एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारावं तसं: "टेपाचं येक टोक तं म्याच धरलं होतं व. तुले मी दिसली नाई?"

दिसली होती. पण तसं म्हटलं असतं तर पुढचं, ब्लेडचंही सांगावं लागलं असतं. मी खाली बघितलं आणि म्हटलं, "नाही."